नदीखोऱ्यातला सायकलमार्ग आखताना ओढे का मोजावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन दिवसांत साधारण १८० किलोमीटर, नदीच्या खोऱ्यातून, शेतांमधल्या लहान रस्त्यांनी, सोबत १८ किलो सामान. सायकलीला ३८ मिमीचे टायर, सर्वांत हलका गिअर पुढे ३४ आणि मागे ३२ दात. मार्ग आखणाऱ्या अ‍ॅपमध्ये रोजचा चढ जेमतेम साडेतीनशे मीटर दिसतो. हे गणित खरे मानावे का, कोणता काठ धरावा, वाटेतले ओढे कसे ओलांडावेत आणि सायकलीत काय बदलावे?

अ‍ॅपचे गणित खोऱ्यात बहुधा कमी भरते. मुख्य नदीचा उतार मंद असतो, किलोमीटरला दोन-तीन मीटर. पायांना तो कळतही नाही. दमवतात ते बाजूच्या डोंगरातून येऊन नदीला मिळणारे ओढे. नदीला समांतर जाणारा लहान रस्ता प्रत्येक ओढ्यापाशी खाली उतरतो, मोरीवरून किंवा फरशीवरून पलीकडे जातो आणि पुन्हा वर चढतो. एक खळगा दहा-पंधरा मीटरचा. असे वीस आले की दोनशे ते तीनशे मीटर चढ झाला आणि यातला बराचसा अ‍ॅपला दिसलेलाच नसतो.

तो का दिसत नाही, हे कळले की अंदाज बांधणे सोपे जाते. मोफत मिळणाऱ्या उंचीच्या माहितीपैकी बरीचशी फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेली आहे. तिचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा. ओढ्याचे पात्र त्याहून अरुंद असले तर खळगा आजूबाजूच्या उंचीत मिसळून जातो. त्यात ओढ्याकाठी झाडांची दाटी असते. रडारला जमीन आणि झाडांचे माथे यांतला फरक नीट कळत नाही, त्यामुळे झाडे खळगा आणखी भरून काढतात. उलट चूकही होते: तीव्र उताराच्या कडेने, समपातळीत काढलेल्या रस्त्यावर अ‍ॅप नसलेला चढ दाखवते, कारण आखलेली रेघ दहा-वीस मीटर इकडेतिकडे सरकली तरी उंची बदलते. म्हणून आकडा सरसकट दीडपट करण्यात अर्थ नाही. ओढे मोजावे लागतात.

मोजायचे असे. पाणवाटा दाखवणारा आणि समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) असलेला नकाशा उघडा. रस्ता निळी रेघ कुठे कुठे ओलांडतो, ते खुणा करत मोजा. प्रत्येक ठिकाणी रस्ता ओढ्याकडे उतरताना किती समोच्च रेषा छेदतो ते पाहा. एकही छेदत नसेल, तर खळगा दोन रेषांमधल्या उंचीच्या अंतराहून कमी आहे. १० मीटर अंतराच्या नकाशावर तो ५ मीटर धरा, २० मीटरच्या नकाशावर ८ ते १०. समजा, ३० किलोमीटरच्या टप्प्यात १४ ओढे आले, त्यांतले पाच मोठे २५ मीटरचे आणि नऊ लहान ८ मीटरचे. एकूण १९७ मीटर. यातला अ‍ॅपने किती धरला आहे, हे त्याच्या उंचीच्या आलेखावर ओढ्याच्या जागी खाच दिसते की नाही यावरून कळते. खाच नसेल तिथला सगळा चढ वरून मिळवायचा.

आता एक बारकावा, याने बरेच काम होते. ओढ्यापाशी रस्ता कसा वळतो ते बघा. रस्ता ओढ्याच्या उगमाकडे आत वळून, पलीकडून पुन्हा बाहेर येत असेल, तर तो समपातळी धरून चालला आहे. चढ थोडा, अंतर जास्त. रस्ता नाकासमोर सरळ ओढा ओलांडत असेल, तर दोन शक्यता: भराव घालून बांधलेला उंच पूल, किंवा तीव्र उतार आणि लगेच तीव्र चढ. मोठ्या रस्त्यावर पहिली शक्यता अधिक, शेतरस्त्यावर दुसरी. तळाशी फरशी, वळण किंवा वाळू असेल, तर उताराचा वेग पुढच्या चढाला कामी येत नाही. तो ब्रेकमध्येच जिरतो. म्हणूनच वीस खळग्यांचा ३०० मीटर चढ एका सलग ३०० मीटर चढापेक्षा जास्त थकवतो. लय बसतच नाही.

वेळेचा हिशेब साधा ठेवा. सामान लादलेल्या सायकलीचा सपाट डांबरी रस्त्यावरचा वेग ताशी १५ किलोमीटर धरा, दर १०० मीटर चढाला १० मिनिटे वाढवा, कच्च्या रस्त्याच्या अंतराला ताशी १० किलोमीटर धरा. येणाऱ्या वेळेवर पाव वेळ थांब्यांसाठी. ६० किलोमीटर, सगळे डांबरी, ६०० मीटर चढ: चार तास अधिक एक तास, अधिक सव्वा तास. सव्वासहा तास झाले. त्यातले १५ किलोमीटर कच्चे असतील तर सुमारे ४० मिनिटे आणखी. तुमचा ६० किलोमीटरचा दिवस जमण्यासारखा आहे, पण सकाळी लवकर निघालात तर. दिवस लहान असतील तर ५० ठेवा.

कोणता काठ?

बहुतेक खोऱ्यांत एका काठाने मोठा रस्ता जातो आणि दुसऱ्या काठाने लहान. मोठा रस्ता सपाट असतो, कारण त्याच्यासाठी पूल आणि भराव घातलेले असतात. पण त्यावर वाहने असतात. लहान रस्ता शांत, अरुंद आणि खळग्यांचा. तीनही दिवस लहान रस्त्याचाच हट्ट धरण्यापेक्षा दोन्ही काठ शिवत जाणे शहाणपणाचे. त्यासाठी मुख्य नदीवरचा प्रत्येक पूल आधी नकाशावर ठळक करून ठेवा. दोन पुलांमध्ये दहा-पंधरा किलोमीटर असू शकतात आणि एकदा चुकीच्या काठाला लागलात की पुढच्या पुलापर्यंत सुटका नाही. पूल किती उंच आहे हेही पाहा. पाण्याच्या पातळीलगतचा फरशी पूल पावसाळ्यात हिशेबात धरूच नका. त्या दिवसाचा मार्ग अशा पुलावर अवलंबून असेल तर पर्यायी रस्ता आधीच अ‍ॅपमध्ये भरून ठेवा.

नदीची वळणेही रस्त्याविषयी बरेच सांगतात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ खाते, तिथे नदी डोंगराला भिडते आणि रस्त्याला जागा उरत नाही. मग तो एकतर कड्यात कोरलेला असतो किंवा डोंगराच्या सोंडेवरून चढून उतरतो. वळणाच्या आतल्या बाजूला गाळाची सपाट जमीन पसरते; शेती तिथे आणि निवांत रस्ताही तिथेच. नकाशावर समोच्च रेषा नदीला अगदी खेटून आल्या असतील, तो काठ त्या टप्प्यापुरता टाळा. ओढा डोंगरातून बाहेर पडताना दगडगोट्यांचा पंखा पसरवतो, तिथे रस्ता किलोमीटरभर हळूहळू चढतो आणि तसाच उतरतो. हा चढ डोळ्यांना दिसत नाही आणि सायकल का ओढत नाही ते कळत नाही. ब्रेक घासतोय का ते एकदा बघा आणि मग निमूट गिअर हलका करा.

जुन्या वस्त्या सहसा पूररेषेच्या वर, उंचवट्यावर असतात. म्हणजे पाणी, खाणे, दुकान यासाठी रस्ता सोडला की बहुतेक वेळा चढ आलाच. दिवसातून असे दोन थांबे धरले, तर ४० ते ६० मीटर चढ तिथेच जातो.

दिशा आणि वारा

उगमाकडे जावे की मुखाकडे? चढाच्या दृष्टीने मुखाकडे जाणे सोपे, पण वारा हे गणित फिरवू शकतो. निरभ्र, शांत हवेत खोऱ्याचा स्वतःचा वारा असतो. उन्हाने उतार तापले की सकाळी उशिरापासून वारा खोऱ्यात वरच्या दिशेने वाहू लागतो आणि दुपारी मध्यापर्यंत जोर धरतो. सूर्य कलला की तो पडतो आणि रात्री थंड हवा वरून खाली निथळते. म्हणजे नदीच्या प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला दुपारी समोरून वारा बसतो. उतारावर आहोत आणि तरी वेग बारा-तेराच्या वर जात नाही, ही तक्रार याच वेळची असते. प्रवाहाबरोबर जाण्याचे टप्पे सकाळी संपवा. प्रवाहाविरुद्ध जाण्याचे टप्पे दुपारसाठी राखले तर वारा पाठीशी मिळतो. ढगाळ हवेत किंवा मोठे वारे सुटले असताना हा नियम लागू होत नाही. अशा वेळी मोठा वारा खोऱ्याच्या दिशेने वळवला जातो आणि अरुंद जागी त्याचा जोर वाढतो.

मुक्कामाची जागा निवडतानाही हीच थंड हवा लक्षात घ्या. ती रात्री तळाशी साचते. नदीकाठची गवताळ जागा दिसायला सुरेख, पण पहाटे तिथे धुके, दव आणि वरच्यापेक्षा जास्त थंडी. तंबू तळापासून वीस-तीस मीटर वर लावला तर कोरडा राहतो आणि रात्रीत पाणी वाढले तरी झोप मोडत नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, वाळू कितीही मऊ असली तरी, तंबू लावायचा नाही. पाऊस डोंगरात पडतो आणि पाणी इथे येते.

पाणंद, बांध आणि कालव्याचा रस्ता

नकाशावरची तुटक रेघ म्हणजे काय असेल, याचा अंदाज मातीवरून बांधावा लागतो. नदीलगतची जमीन गाळाची आणि चिकण. कोरडी असताना टणक, पण ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खडबडीत. पाऊस पडून गेल्यावर तीच माती टायरला थरावर थर चिकटते आणि मडगार्डमध्ये कोंबली जाऊन चाक अडवते. दोनशे मीटरमध्ये सायकल ढकलताही येत नाही. डोंगराच्या पायथ्याशी माती मुरमाड आणि गोट्यांची असते, पाणी लवकर निचरून जाते. त्यामुळे पावसानंतर एक-दोन दिवस नदीकाठच्या पाणंदी सोडून पायथ्याच्या कच्च्या रस्त्याने जावे, चार खळगे जास्त आले तरी.

ओपनस्ट्रीटमॅपवर शेतरस्त्यांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रतवारी दिलेली असते. १ म्हणजे पक्का किंवा घट्ट दाबलेला, ५ म्हणजे मऊ माती किंवा गवतातली नुसती वाट. ३८ मिमी टायर आणि सामान असताना ३ पर्यंत निर्धास्त जा, ४ फक्त कोरड्या हवेत, ५ नकोच. प्रतवारी दिलेलीच नसेल तर उपग्रह छायाचित्रात पाहा: दोन समांतर फिकट चाकोऱ्या आणि मध्ये गवताचा पट्टा दिसला तर ३ किंवा ४ समजा. छायाचित्र कोणत्या ऋतूतले आहे ते शेतांच्या रंगावरून ओळखा. उन्हाळ्यातली टणक वाट पावसात ओढा झालेली असू शकते. काही पाणंदी खरोखरच पाण्याच्या वाटा असतात, दोन्ही बाजूंची शेते वर आणि रस्ता खाली.

कालव्याच्या कडेचा रस्ता सामान लादलेल्या सायकलीला वरदानच, कारण कालवा जवळजवळ सपाट वाहतो. मात्र तो समपातळी धरून प्रत्येक खोबणीत आत शिरतो, त्यामुळे सरळ रेषेतले दहा किलोमीटर तिथे पंधरा होतात. शिवाय फाटकाला कुलूप असू शकते आणि जायला परवानगी आहे का ते आधी विचारावे लागते. कालव्याचे काठ तिरपे आणि निसरडे असतात. बाटली भरायला किंवा पाय धुवायला खाली उतरू नका, पडलेल्या माणसाला वर यायला धरायला काही नसते.

ओढा ओलांडताना

ओढा वाहता असेल तर आधी सायकलवरून उतरा आणि बघा. तळ स्पष्ट दिसतो आहे, खाली घट्ट खडी किंवा काँक्रीट आहे आणि पाणी घोट्याएवढेच आहे, तर हलक्या गिअरमध्ये, सारख्या गतीने, हँडल सरळ धरून पार करता येते. पाण्यात शिरल्यावर गिअर बदलू नका आणि ब्रेक लावू नका. काँक्रीटच्या फरशीवरून सतत पातळ पाणी वाहत असेल, तर तिथे शेवाळ असणारच. अशा फरशीवर चालत जा. चाक घसरण्याआधी काहीही सूचना मिळत नाही आणि पडणे नेहमी कुल्ल्यावर किंवा मनगटावर होते.

पाणी गढूळ असेल तर खोली कळत नाही, मग सायकलवर बसून जायचेच नाही. प्रवाहाचा वेग पाहायला काडी टाका. ती तुमच्या चालण्याच्या वेगापेक्षा जोरात वाहत गेली आणि पाणी गुडघ्यापर्यंत असेल, तर थांबा. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. त्यात पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूंना टांगलेल्या सामानाच्या पिशव्या, प्रवाहाला आडवी धरलेली फळीच. चालत ओलांडण्याजोगे पाणी असेल तर पॅनिअर काढून वेगळ्या फेरीत न्या, बूट पायात ठेवा, आणि सायकल आपल्या खालच्या बाजूला, म्हणजे पाणी जिकडे वाहते तिकडे धरा. वरच्या बाजूला धरली तर प्रवाह ती तुमच्या पायांवर आणून आदळतो. फरशीवरून पाणी चालले आहे आणि फरशीची कडा दिसत नाही, तर पाणी वीतभर असले तरी जाऊ नका. फरशीचा तुकडा वाहून गेलेला असू शकतो आणि वरून तो कळत नाही.

पाणी चढते आहे की उतरते आहे, हे ओळखायला काठावर पाण्याच्या रेषेत एक दगड ठेवा आणि दहा मिनिटे थांबा. पाण्याचा रंग बदलून तपकिरी होणे, पालापाचोळा आणि काड्या वाहून येऊ लागणे, ही पाणी चढत असल्याची लक्षणे. डोक्यावर ऊन असले तरी. दिलासा एवढाच की लहान पाणलोटाचा ओढा जितक्या झटकन चढतो तितक्याच झटकन उतरतो. पाऊस थांबल्यावर काही तासांत तो बऱ्याचदा पूर्वपदावर येतो, म्हणून तीस किलोमीटरचा वळसा घेण्याआधी थांबून पाहणे फायद्याचे. मोठ्या नदीचे तसे नाही. तिचे पाणी दिवसेंदिवस चढलेले राहू शकते.

कोरड्या ओढ्यातही धोका असतो आणि तो बरोबर तळाशी. मागच्या पुराने आणलेली वाळू आणि गोटे मोरीच्या आसपास रस्त्यावर पसरलेले असतात, जिथे तुमचा वेग सर्वांत जास्त असतो. ब्रेक वरच, उतारावर लावून घ्या. वाळूवर सायकल सरळ ठेवा आणि पुढचा ब्रेक सोडा. लाकडी पुलाच्या फळ्या प्रवासाच्या दिशेने बसवलेल्या असतील तर फटीत चाक अडकू शकते; फट टायरएवढी असेल तर उतरा. जनावरे रोखण्यासाठी रस्त्यात बसवलेल्या लोखंडी नळ्यांची जाळी काटकोनात, न वळता, ब्रेक न लावता, पेडल समपातळीत ठेवून पार करा. ओली असेल तर चालत.

शेतांमधून जाताना

फाटक जसे होते तसे ठेवा: उघडे होते तर उघडे, बंद होते तर बंद. जनावरांचा कळप समोर आला तर उतरून चाला, घंटी वाजवू नका. गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका. कुत्रा धावून आला तर पळ काढण्यापेक्षा उतरून सायकल त्याच्या आणि आपल्या मध्ये धरणे बरे. सामान लादलेली सायकल त्याच्यापेक्षा वेगाने पळत नाही.

ट्रॅक्टरला मागे जोडलेले अवजार ट्रॅक्टरपेक्षा रुंद असते, हे अरुंद रस्त्यावर विसरायला होते. समोरून येत असेल तर पूर्ण थांबून कडेला उभे राहा. सुगीच्या दिवसांत चाकांनी आणलेली माती डांबरावर पसरते. सुकी असताना निरुपद्रवी, पण पहिल्या सरीनंतर बर्फासारखी निसरडी. औषध फवारणी चालू असेल तर वारा कुठून येतो ते पाहा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूने जा, नाहीतर थांबा.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे गैरसमज आहे. शेतांमधून वाहत आलेल्या ओढ्याच्या पाण्यात जंतूंबरोबर खतांचे नायट्रेट आणि कीटकनाशकांचे अंशही असू शकतात. पोकळ तंतूंचे ०.१ ते ०.२ मायक्रॉनचे फिल्टर जिवाणू आणि प्रोटोझोआ अडवतात; विषाणू आणि विरघळलेली रसायने अडवत नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. पाणी आटते म्हणून उलट त्याचे प्रमाण किंचित वाढते. म्हणून पिण्याचे पाणी वस्तीतल्या नळाचे किंवा विहिरीचे घ्या. तेही जमत नसेल तर शेती आणि वस्ती यांच्या वर, डोंगरातून थेट येणाऱ्या ओढ्यातून घेऊन गाळा आणि उकळा. फिल्टर रात्री गोठला तर आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. थंडीत तो झोपण्याच्या पिशवीत ठेवा. उन्हात तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागते. दोन वस्त्यांमधला वेळ मोजून त्याप्रमाणे भरा, सरसकट पाच लिटर वाहून नेऊ नका.

सायकलीत काय बदलावे

पहिला बदल गिअरचा. तुम्ही ६५ किलो, सायकल १५, सामान १८, पाणी २; एकूण १०० किलो धरू. ७०० बाय ३८ च्या टायरचा परीघ सुमारे २.१८ मीटर. पुढे ३४ आणि मागे ३२ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल २.३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ८.३ किलोमीटर, आणि ८ टक्के चढावर त्यासाठी जवळजवळ २०० वॅट ताकद लागते. ती दिवसात विसाव्या खळग्याला कुठून आणायची? फेऱ्या कमी केल्या तर ताकद कमी लागते, पण प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा जोर कमी होत नाही. पुढे २६ आणि मागे ३४ केले तर एका फेरीत १.६७ मीटर, वेग ताशी ६ आणि लागणारी ताकद १४० वॅटच्या आसपास. हा फरक तिसऱ्या दिवशी कळतो.

बदल करताना दोन गोष्टी तपासा. क्रँक म्हणजे पेडलचा दांडा; त्यावर पुढचे दातेरी चाक, म्हणजे चेनरिंग, बोल्टांनी बसते. बोल्टांचे वर्तुळ ११० मिमीचे असेल तर ३३ दातांपेक्षा लहान चेनरिंग बसत नाही, त्यामुळे क्रँकच बदलावा लागेल. दुसरे, मागच्या डिरेल्युअरची (चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाची) क्षमता: पुढच्या दोन चेनरिंगच्या दातांमधला फरक अधिक मागच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान चाकाच्या दातांमधला फरक. ४२-२६ आणि ११-३४ असेल तर १६ अधिक २३, म्हणजे ३९. तुमच्या डिरेल्युअरची मर्यादा याहून कमी असेल तर पुढे लहान आणि मागेही लहान चाक असताना चेन लोंबेल. क्रँक बदलायचा नसेल तर निदान मागे ३६ लावा. ३४-३६ ने निम्म्याहून थोडे कमी काम भागते.

हवेचा दाब मागे ५० पीएसआय, पुढे ४० पासून सुरू करा. कच्च्या रस्त्यावर पाच-सात कमी. बसल्यावर मागचा टायर किंचित फुगीर दिसला पाहिजे, पण खड्ड्यात रिम दगडाला लागता कामा नये. कुंपणांची छाटणी झालेली असेल तिथे काटे पडलेले असतात. ट्यूब पंक्चर झाली तर टायरवरचा छापील मजकूर नेहमी व्हॉल्व्हसमोर ठेवून बसवण्याची सवय कामी येते: ट्यूबमधले भोक सापडले की टायरमधला काटा कुठे आहे ते लगेच कळते. काटा उपटायला बारीक चिमटा लागतो, नखांनी तो निघत नाही.

मडगार्ड आणि टायर यांमध्ये निदान १२ ते १५ मिमी जागा हवी. ती नसेल आणि चिकण मातीचा टप्पा टाळता येत नसेल, तर मडगार्ड काढून पॅनिअरवर बांधा. माती अडकली की ढकलत राहू नका. मडगार्डच्या आधारकाड्या वाकतात किंवा चाकात शिरतात. काडीने माती काढा आणि कडेच्या गवतावरून चाला.

सामान मागे ६० टक्के, पुढे ४० टक्के, जड वस्तू खाली. सगळे मागेच लादले तर तीव्र चढावर पुढचे चाक भटकते आणि मागच्या चाकाचे आरे तुटतात, बहुधा कॅसेटच्या (मागच्या दातेरी चाकांच्या संचाच्या) बाजूचे आणि वाकलेल्या डोक्यापाशी. दोन्ही लांबीचे दोन-तीन जादा आरे आणि कॅसेट काढायचे हत्यार बरोबर ठेवा. आरा वाटेत बदलता आला नाही, तर तुटलेल्याच्या दोन्ही शेजारचे, विरुद्ध बाजूचे आरे अर्धा ते एक फेरा सैल करा. चाक ब्रेकमधून जाण्याइतके सरळ होते. मग हळू जा आणि मागचे काही सामान पुढे हलवा.

ओढा ओलांडल्यावर रिम ब्रेक असतील तर ते हलके दाबून रिम कोरडी करा, तोवर पुढच्या उतारावर ते नेहमीसारखे धरतील असे समजू नका. रबरात रुतलेली वाळू रिम खरवडते. संध्याकाळी पॅड पाहून कण टोकदार वस्तूने काढा. डिस्क ब्रेकचे सेंद्रिय पॅड चिखलात फार लवकर झिजतात, धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात. कोणतेही असले तरी एक जोडी जादा हवीच. चेन रोज संध्याकाळी कोरड्या फडक्याने पुसून मगच तेल लावा. न पुसता घातलेले तेल वाळू आत ओढते.

हब (चाकाचा मधला भाग) किंवा क्रँकचा बेअरिंग पाण्याखाली गेला असेल, तर त्या दिवशी काही जाणवत नाही. परतल्यावर चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवा. खरखर लागली किंवा ग्रीस दुधाळ झालेले दिसले तर कप-कोन हब (ज्यात गोळ्या वाटी आणि शंकू यांच्यामध्ये फिरतात) उघडून स्वच्छ करा आणि नवे ग्रीस भरा. सीलबंद बेअरिंग असेल तर बदला. पाणी शिरलेले हब तसेच ठेवले तर आत गंज धरतो आणि पुढच्या वेळी कप खराब झालेला मिळतो, जो बऱ्याच हबमध्ये बदलता येत नाही.